चार मीटरांची उडी, चार फेऱ्या

गेल्या फेब्रुवारीत, वयाच्या 53व्या वर्षी, मी पायांत स्की अडकवून चार मीटर उंचीच्या एका कड्यावरून खालच्या बर्फात उडी घेतली. हवेत मी जेमतेम एक सेकंद होतो. त्या एका सेकंदासाठी मला साडेतीन महिने तयारी करावी लागली आणि त्या कड्यापाशी चार वेळा जावे लागले. त्यांपैकी तीन वेळा मी उडी न घेताच परत फिरलो. माझ्या 17 वर्षांच्या मुलाने हीच उडी आदल्या हिवाळ्यात घेतली होती, तेव्हा त्याने काठावरून एकदा खाली वाकून पाहिले, मित्राला हाक मारली आणि तो गेला. आम्हा दोघांच्या वागण्यातले हे अंतर वयाचे आहे, हे उघडच होते. पण वय नेमके काय बदलते, याविषयी माझी जी समजूत होती ती त्या साडेतीन महिन्यांत बरीच बदलली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवत आहे.

मी मूळचा डोंबिवलीचा. कॉलेजच्या वर्षांत पावसाळा सरला की रविवारी सकाळची पहिली लोकल पकडून आम्ही मुंब्र्याच्या कातळांवर सरावाला जात असू आणि हिवाळ्यात सह्याद्रीतल्या सुळक्यांवर. 1994 साली, 22 वर्षांचा असताना, तैलबैलाच्या भिंतीवर मी आघाडीला चढत होतो. दोर अडकवलेला खालचा शेवटचा बोल्ट माझ्या पायांपासून आठ मीटर खाली राहिला होता. मधे एका फटीत पिटॉन, म्हणजे दोर अडकवायची लोखंडी मेख, ठोकता आला असता, पण त्यासाठी थांबावे लागले असते, आणि खाली दोराच्या टोकाला बसलेले सगळे माझ्याकडे पाहत होते. मी थांबलो नाही. दोनच हात वर गेल्यावर उजव्या हातात धरलेली कपची बिस्किटासारखी तुटली आणि माझे अंग दारासारखे बाहेर फिरले. डाव्या हाताची तीन बोटे पकडीत राहिली, म्हणून आज हे लिहितो आहे. त्या क्षणी मला मरणाची भीती वाटली नव्हती. आपली धडपड खालच्यांनी पाहिली, याची मला लाज वाटली होती. ही आठवण मी तीस वर्षे कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नव्हते.

1999 मध्ये नोकरीनिमित्त मी युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला आलो आणि इथलाच झालो. शहराच्या पूर्वेला वासाच पर्वतरांग भिंतीसारखी उभी आहे आणि तिच्यातल्या लिटल कॉटनवुड खोऱ्यात ऑल्टा आणि स्नोबर्ड ही दोन स्की केंद्रे शेजारी शेजारी आहेत. ऑल्टाला एका हिवाळ्यात सरासरी 13 मीटरांच्या आसपास बर्फ पडतो, आणि तो इतका हलका असतो की वितळवला तर त्याच्या आकारमानाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पाणी निघते. या हलक्या, खोल बर्फामुळेच कड्यांवरून उड्या घेणारे स्कीपटू इथे वर्षानुवर्षे येत राहिले. मी स्की शिकलो तेव्हा 28 वर्षांचा होतो. कातळाचा सराव असल्यामुळे उंचीची भीती नव्हती, आणि पस्तिशीपर्यंत तीन-चार मीटरांच्या उड्या मी फारसा विचार न करता घेत होतो.

44व्या वर्षी माझा डावा गुडघा गेला. उडी अवघी दीड मीटरची होती. काठ सोडताना शेवटच्या क्षणी माझ्या मनात शंका आली आणि मी किंचित मागे रेललो. स्कीवरचे बरेच गुडघे असेच जातात, हे मला नंतर कळले. मागे रेललेला माणूस खाली येतो तेव्हा स्कीचे शेपूट आधी टेकते, स्की पुढे आपटते आणि घोट्याला घट्ट बांधलेला ताठ बूट नडगीला पुढे ढकलतो. नडगीला जागेवर धरून ठेवणारा, गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा अस्थिबंध (लिगामेंट) तो धक्का झेलताना तुटतो. मला मुळीच दुखले नाही, फक्त ओली फांदी मोडावी तसा आवाज ऐकू आला. मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून नवा अस्थिबंध बसवला गेला आणि पूर्ववत चालायला, धावायला नऊ महिने लागले.

पाय बरा झाला; स्की करण्यातली सहजता मात्र परत आली नाही. पुढची आठ वर्षे प्रत्येक उंचवट्यावर मी नकळत मागे रेलत राहिलो, म्हणजे ज्या चुकीने गुडघा गेला तीच चूक भीतीपोटी रोज करत राहिलो. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "तुमचा गुडघा कधीच बरा झाला आहे. तुम्ही अजून त्याच दिवसात आहात." तिचे म्हणणे मला पटले होते, पण पटल्याने अंग ऐकत नाही.

उडीचा विचार पुन्हा मनात आला तो त्या फेब्रुवारीच्या आदल्या मार्चमध्ये, वायोमिंगमधल्या जॅक्सन होल इथे. तिथली तारेवरून चालणारी ट्राम 10,450 फुटांवरच्या माथ्यावर पोचवते आणि माथ्याच्या जवळच कॉर्बेट्स कूलॉर नावाची अरुंद घळ आहे. दोन्ही अंगांना कातळ, वर बर्फाची पुढे आलेली पागोळी, आणि आत शिरायचे तर उडीच घ्यावी लागते. बर्फ किती साठला आहे त्यावर ती कधी तीन मीटरांची असते, कधी सहा. बॅरी कॉर्बेट नावाच्या गिर्यारोहकाने 1960 मध्ये ही घळ पाहून इथून कुणीतरी एक दिवस स्कीवर उतरेल असे म्हटले होते, आणि 1967 मध्ये स्की पेट्रोलमधल्या, म्हणजे उतारांवर सुरक्षेसाठी गस्त घालणाऱ्या पथकातल्या, एका तरुणाने ते खरे केले. कॉर्बेट स्वतः 1963 च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत होते. 1968 मध्ये हेलिकॉप्टर कोसळून त्यांचे पाय कायमचे लुळे पडले आणि पुढची 36 वर्षे त्यांनी चाकाच्या खुर्चीत काढली. त्या काठावर उभा असताना मला त्या खुर्चीची आठवण सारखी येत होती. माझ्या मुलाने त्यांचे नाव फक्त पाटीवर वाचले होते.

"बाबा, जाऊ?" त्याने विचारले.

त्याचे उतरणे मी वर्षभर पाहिले होते. तो पुढे झुकून उतरतो, हात समोर ठेवतो, हे मला माहीत होते. मी "जा" म्हणालो आणि तो गेला, आणि माझे पाय मात्र अशा रीतीने लटपटले की मला खाली बसावे लागले. स्वतः उडी घेताना मला कधीही असे झाले नव्हते.

त्यानंतर त्या काठावर मी बराच वेळ बसून राहिलो. येणारे बहुतेक विशीतले, घोळक्याने आलेले होते. पण साठीच्या आसपासची, पांढरी वेणी घातलेली एक बाईही आली. ती एकटीच होती. तिने एकदा खाली पाहिले, दोन पावले मागे घेतली आणि कुणाकडेही न पाहता उतरली; तिचे उतरणे त्या दिवसात मी पाहिलेल्यांत सर्वांत स्वच्छ होते. खाली भेट झाली तेव्हा तिने इतक्या कमी वेळात कसे ठरवले, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "मी वर काहीच ठरवत नाही. सकाळी दोनदा खालून पाहून गेले होते." तिचे हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुलगा कॉलेजसाठी दूर जाणार होता, म्हणजे आमचा एकत्र असा एकच हिवाळा उरला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी घरात सांगितले की या हिवाळ्यात मला एकदा चार मीटरांची उडी घ्यायची आहे. पत्नी शांतपणे म्हणाली, "मी नाही म्हणणार नाही. पण मागच्या वेळी तुला जिना चढवायला मी चाळिशीत होते, हे लक्षात ठेव." वय वाढले की जोखमीत आपण एकटे राहत नाही, असे लोक म्हणतात तेव्हा मुलाबाळांच्या पोटापाण्याचा विचार त्यांच्या मनात असतो. मला त्या संध्याकाळी प्रथमच असे दिसले की माझ्यासोबत तिचे खांदेही म्हातारे झाले आहेत.

तयारी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू झाली. पहिले तीन आठवडे 20 सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायावर, चार आकडे मोजत, हळूहळू खाली येणे एवढेच होते. त्यानंतर 30, 45 आणि शेवटी 60 सेंटिमीटरच्या लाकडी पेटीवरून दोन्ही पायांवर उडी. नियम एकच: उतरताना आवाज होता कामा नये. धप्प असा आवाज झाला की ती उडी मोजायची नाही, कारण आवाज झाला याचा अर्थ धक्का स्नायूंनी झेलला नाही, तो हाडांत आणि कुर्च्यांत गेला. इथे मला वयाचा पहिला खरा हिशेब कळला. वजन खांद्यावर घेऊन बैठका मारण्यात मी पस्तिशीतल्या स्वतःपेक्षा कमी नव्हतो. पण पेटीवरून उतरताना माझ्या मांड्या जागच्या होईपर्यंत पाय टेकून गेलेले असत. वाढत्या वयात झटकन आकसणारे स्नायुतंतू आधी कमी होतात आणि संथ ताकद देणारे बराच काळ टिकतात. त्यामुळे आपण पूर्वीइतकेच बळकट आहोत असे माणसाला वाटत राहते आणि अर्ध्या सेकंदाच्या कामात तो मागे पडतो. यावर उपाय असा की पाय टेकण्याच्या आधीच स्नायू ताणून तयार ठेवायचे, आणि ते शिकावे लागते. 60 सेंटिमीटरच्या पेटीवरून सलग दहा उड्या बिनआवाजी घेता येईपर्यंत डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला.

बर्फावर मी एक मीटरपासून सुरुवात केली, जानेवारीत दोन मीटरांपर्यंत गेलो. प्रत्येक उडीत एकच गोष्ट पाहायची होती: नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबलेली आहे की नाही. ज्या दिवशी ती दाबलेली राहिली नाही त्या दिवशी मी पुढची उडी घेतली नाही.

जानेवारीतल्या एका रात्री जेवणे झाल्यावर मुलगा भौतिकशास्त्राचा अभ्यास घेऊन ओट्याशी बसला होता. मी त्याला आमच्या कड्याचे गणित घातले. चार मीटर खाली पडताना वेग सेकंदाला 8.9 मीटर होतो, म्हणजे ताशी 32 किलोमीटर. सपाट जमिनीवर हा सगळा वेग पायांत येतो. पण उतरायची जागा 38 अंशांच्या उताराची असेल आणि काठ सोडताना माणसाला पुढच्या दिशेने सेकंदाला तीन मीटरांचा वेग असेल, तर उताराला काटकोनात येणारा वेग सेकंदाला पाच मीटरांच्या थोडाच वर राहतो. त्याने वहीवर आकृती काढली, दोनदा आकडेमोड केली आणि म्हणाला, "म्हणजे सपाटीवर 1.3 मीटरांवरून उडी मारल्यासारखं." थोड्या वेळाने त्याने उतार 20 अंशांचा धरून तेच गणित पुन्हा केले, तेव्हा उत्तर 2.7 मीटरांवर गेले. तो वहीकडे बघत राहिला. तीन हिवाळे तो उड्या घेत होता, पण उतार त्याने एकदाही मोजला नव्हता. त्याला तो डोळ्यांनी कळत होता आणि बहुतेक वेळा बरोबर कळत होता.

या गणिताला दुसरी बाजू आहे, ती मी त्याला तेव्हाच सांगितली. उडी झेलायला जो उतार चांगला, 35 ते 45 अंशांचा, नेमक्या त्याच उतारांवर हिमस्खलने सर्वाधिक होतात. म्हणून आम्ही केंद्राच्या हद्दीतच राहतो, जिथे स्की पेट्रोलची माणसे पहाटे स्फोटके लावून सैल बर्फ आधीच खाली आणतात. आणि तरीही युटा अ‍ॅव्हलांच सेंटरचा त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचल्याशिवाय घर सोडत नाही. जेमी पिएर हे नाव इथल्या प्रत्येक तरुण स्कीपटूला ठाऊक आहे. जानेवारी 2006 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी, त्याने वायोमिंगमध्ये ग्रँड टार्गीजवळ 255 फुटांच्या, म्हणजे जवळजवळ 78 मीटरांच्या कड्यावरून उडी घेतली. तो डोक्यावर पडून बर्फात गाडला गेला, सोबत्यांनी त्याला खणून काढले आणि तो वाचला. त्या उडीची चित्रफीत माझ्या मुलाने कितीदा तरी पाहिली आहे. नोव्हेंबर 2011 मध्ये स्नोबर्ड इथे, हंगाम सुरू होण्याआधी, एका लहानशा हिमस्खलनाने त्याला खडकांवरून खाली ओढत नेले आणि तो गेला. तो 38 वर्षांचा होता. 78 मीटरांच्या उडीतून वाचलेला माणूस एका लहान स्खलनात जातो, हे ऐकून मुलगा गप्प झाला. मीही पुढे काही बोललो नाही.

आमचा कडा खोऱ्याच्या उत्तराभिमुख बाजूला, स्प्रूसच्या दोन मोठ्या झाडांच्या मधे आहे. पहिल्या फेरीत मी वर गेलोच नाही. जॅक्सन होलच्या त्या बाईप्रमाणे आधी खाली गेलो. सोबत उतार मोजण्याचे छोटे यंत्र होते आणि प्रोब होता. प्रोब म्हणजे हिमस्खलनात गाडलेल्या माणसाचा शोध घेण्यासाठी वापरतात ती घडीची तीन मीटर लांबीची काठी. उतार 38 अंश भरला. मी उतरायच्या जागेत हात-हात अंतरावर प्रोब खुपसत गेलो. वर 25 सेंटिमीटर ताजा बर्फ होता आणि खाली जुना थर असा कडक की काठी त्यावर अडायची आणि जोर लावला की कड् असा आवाज करून आत जायची. डावीकडे, मी वरून पाहिले असते तर नक्की उतरलो असतो अशा जागी, 40 सेंटिमीटरवर ती दगडावर आपटली. धातूचा तो टणत्कार हातातून कोपरापर्यंत आला. त्या जागेत उतरणारा माणूस हवेत असताना काहीही करू शकला नसता. मी परतलो, आणि परतताना मला वाईट वाटले नाही.

दुसऱ्या फेरीला, जानेवारीअखेर, बर्फ पडून तीन दिवस झाले होते. मधल्या काळात आणखी कुणी उड्या घेतल्या होत्या. उतरायच्या जागेत दोन खोल खड्डे पडले होते आणि त्यांच्या कडा गोठून सिमेंटसारख्या झाल्या होत्या. अशा खड्ड्याच्या काठावर स्कीचे टोक अडले की गुडघा पिळला जातो. त्या दिवशीचे ठरवणे सोपे होते.

तिसरी फेरी फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारची. आदल्या रात्री 35 सेंटिमीटर बर्फ पडला होता, खालचा थर मऊ झाला होता, प्रोब लोण्यात जावा तसा जात होता. मी उजव्या बाजूची जागा निश्चित केली, तिच्या वर एक वाळकी फांदी खूण म्हणून रोवली आणि वर गेलो. वर पोचेपर्यंत ढग उतरले होते. अशा उजेडात बर्फावर सावली पडत नाही, सगळे एकसारखे पांढरे होते, आणि जमीन किती लांब आहे हे डोळ्यांना कळत नाही. फांदी अंधूक दिसत होती, तिच्याखालचा उतार दिसत नव्हता. त्यात मुलाचे चार मित्र तिथे आले होते. ते प्रेमाने आले होते. मित्राचा बाबा उडी घेणार म्हणून त्यांनी फोन बाहेर काढून धरले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, बर्फ मस्त आहे!" आणि त्यात खोटे काहीच नव्हते.

मी काठापासून दोन मीटरांवर उभा होतो आणि जायचे असे जवळजवळ ठरले होते. मनात जे चालले होते ते जसेच्या तसे सांगतो: मी तीन वेळा आलो आहे, आता तिसऱ्यांदा परत जाणे बरे दिसणार नाही; हा कडा मला पाठ आहे; मुले बघत आहेत; मुलगा बघतो आहे. या चारही कारणांत बर्फाचा, उजेडाचा किंवा गुडघ्याचा संबंध नव्हता. तेवढ्यात तैलबैलाची ती फट आठवली, जिच्यात मी पिटॉन ठोकला नव्हता. 22व्या वर्षी मी खाली बघणाऱ्यांसाठी थांबलो नाही आणि 53व्या वर्षीही त्याच कारणासाठी थांबत नव्हतो. वयाने मला शहाणे केले आहे, माझ्यातली ती ओढ गेली आहे, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. ती गेली नव्हती, फक्त बघणारे बदलले होते.

मी स्की आडव्या केल्या आणि पाऊल पाऊल टाकत काठापासून वर सरकलो. मुलांनी फोन खिशात ठेवले. कुणी काही बोलले नाही. लिफ्टमध्ये बराच वेळ गेल्यावर मुलगा म्हणाला, "मी असतो तर गेलो असतो." आणि मग, बाहेर बघत, "मला खालचं काहीच दिसत नव्हतं."

त्या रात्री मी दोन संशोधनांविषयी पुन्हा वाचले. 2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी किशोरवयीन, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ दिला होता. एकटे असताना तिन्ही गट जवळपास सारखीच जोखीम घेत होते. समवयस्क मित्र बघत असले की किशोरांची जोखीम खूप वाढत होती, तरुणांची काही प्रमाणात आणि प्रौढांची जवळजवळ नाहीच. माझ्या मुलाला हे वर्णन चपखल बसते. मला शेवटचा भाग बसत नाही, आणि त्याचे कारण मला असे वाटते की प्रयोगातल्या प्रौढांकडे त्यांची मुले बघत नव्हती. दुसरे काम युटातल्याच इयन मॅकॅमन यांचे. त्यांनी 1972 ते 2003 या काळातल्या 715 हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला आणि अनुभवी माणसेही कोणत्या मानसिक सापळ्यांत अडकतात ते मांडले: ओळखीची जागा, एकदा ठरवलेले तडीस नेण्याची जिद्द, इतरांकडून मान्यता मिळवण्याची इच्छा. काठावर माझ्या मनात आलेली कारणे ती हीच होती. अननुभवी माणूस ओळखीच्या जागेच्या भरवशावर राहू शकत नाही, कारण त्याच्याजवळ ओळखीच्या जागाच नसतात. हा सापळा वयाबरोबर मोठा होत जातो, हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते.

पुढच्या आठवड्यात दोन वादळे आली. बुधवारी आकाश निवळले, मुलाच्या शाळेला सुटी होती आणि मी रजा घेतली. पहिल्या लिफ्टने आम्ही दोघेच गेलो. एकट्याने उडी घेऊ नये, खाली कुणीतरी असावेच, म्हणून तो हवा होता. पण मी त्याला काठावर थांबू नकोस, उतरायच्या जागेच्या बाजूला झाडाखाली उभा राहा आणि फोन खिशात ठेव, असे सांगितले. त्याने का ते विचारले नाही.

खाली उभा राहून मी 22 वेळा प्रोब खुपसला. दीड मीटरपर्यंत कुठेही दगड लागला नाही. उजव्या स्प्रूसची सावली बर्फावर स्वच्छ, निळसर पडली होती आणि त्या सावलीच्या टोकाशी मी उतरणार, हे मी तिथेच, खाली, ठरवले. वर जायला दहा मिनिटे लागली. वर ठरवण्यासारखे काही उरले नव्हते. बूट आवळले, हात समोर घेतले, नडग्या बुटांच्या जिभांवर दाबल्या आणि स्की सोडल्या. तीन मीटरांची सरळ धाव, मग पायाखालचा आवाज एकदम बंद झाला. हवेत असताना मला सावलीचे टोक दिसत होते आणि ते जवळ येत होते, बाकी काही आठवत नाही. मांड्या आधीच तयार होत्या. बर्फ गुडघ्याच्या वर आला, छातीवर फुटला, तोंडात गेला. मी पुढे झुकलेलाच राहिलो आणि दोन वळणांनंतर थांबलो. डाव्या गुडघ्यात काहीच झाले नव्हते. आठ वर्षांनी प्रथमच मी त्याच्याकडे लक्ष न देता उतरलो होतो.

मुलगा धावत आला नाही. तो झाडाखालून म्हणाला, "बाबा, आवाज झाला नाही," आणि मला रडू आले.

आमच्या उजवीकडे, थोडा वर, सात मीटरांचा दुसरा कडा आहे. तो मी घेणार नव्हतो आणि घेणारही नाही. तिथली उतरायची जागा तीस अंशांहून कमी उताराची आहे आणि माझ्या गुडघ्यासाठी ते गणित जुळत नाही. मुलाला तो घ्यायचा होता. त्याने माझ्याकडे प्रोब मागितला, खाली जाऊन बराच वेळ तपासले, उताराचे यंत्रही लावले, आणि उतार थोडा जास्त मिळावा म्हणून उतरायची जागा दोन मीटर डावीकडे घेतली. मग तो वर गेला. मी खाली उभा होतो. त्याने मला हाक मारली नाही, मीही त्याला मारली नाही. तो उतरला तेव्हा बर्फाच्या धुरळ्यात क्षणभर दिसेनासा झाला आणि माझ्या छातीत धस्स झाले, जॅक्सन होलला झाले होते तसेच.

तो ठीक होता. उतरताना पडलेला खड्डा बुजवून जायचा, म्हणजे पुढच्याचा पाय त्यात अडकत नाही, असा इथला रिवाज आहे. आम्ही दोघे स्की आडव्या धरून, पायांनी बर्फ ढकलत आणि दाबत, आधी माझा खड्डा भरला आणि मग त्याचा. त्याचा माझ्यापेक्षा बराच खोल होता, तो भरायला आम्हाला दुप्पट वेळ लागला.